उणे सोळा भागिले उणे दोन

“मास्तर, तुम्ही मारा मला, पण हे पटत न्हाई.”

सत्यशीलानं पाटी जोत्यावर ठेवली. ठेवली कसली, आपटलीच. अण्णासाहेब मास्तर शाळेच्या वसरीत धोतराच्या सोग्यानं वारा घेत बसले होते. चैत्राचं ऊन, सकाळचे नऊ वाजलेले आणि शाळेत औषधाला पोरगं नाही. सगळी पोरं आईबापामागं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली. विद्यार्थी म्हणून उरली होती ती ही एकटी. बावीस वर्षांची, नवऱ्यानं टाकलेली, बौद्धवाड्यातल्या पुंजारामची लेक. सातवीच्या परीक्षेला बाहेरून बसायचा तिचा फॉर्म मास्तरांनीच भरून दिला होता आणि आता तेच तिच्यापुढं हात टेकून बसले होते.

“काय पटत नाही?”

“ऋण भागिले ऋण, अन् उत्तर धन. कामून? उण्याला उण्यानं भागलं तर जास्तीचं आलं कुठून? दोन उपाशी बाया शेजारी बसल्या म्हून भाकर हुती का?”

“अगं बाई, नियम आहे तो! चिन्हं सारखी असली तर धन, वेगळी असली तर ऋण. पाठ कर अन् मोकळी हो.”

“पाठ केलेलं ऐन वक्ताला इसरतं मला. समजलं का मंग न्हाई इसरत.”

“मग हो नापास!” मास्तर खेकसले. पण माणूस मनाचा वाईट नव्हता. आवाज खाली आणून म्हणाले, “हे बघ, सातवी पास बाईला दाईच्या शिक्षणाला घेतात. पगार आहे, राहायला खोली आहे. पेपर सोळा दिवसांवर आला. जालन्यात मस्तगडाला माझ्या मेव्हण्याच्या वसरीत एका रात्रीची सोय लावलीय तुझी. आता एका नियमापायी अडून बसू नको.”

तिला का हे माहीत नव्हतं? नवरा परतूरकडं दुसरी घेऊन बसला, सासूनं भांडी उंबऱ्याबाहेर मांडली, त्या दिवसापासून ती बापाच्या दारात होती. बाप म्हातारा. तो डोळे मिटायचा आणि ही कोणाच्या दारात उभी राहायची? खोली आणि पगार हे दोनच शब्द तिनं रात्रंदिवस घोकले होते. गणितात गेली तर सगळंच गेलं, आणि गणितात ती नेमकी या उण्यावर अडली होती.

पाटी काखेत मारून ती तडक विहिरीवर आली. घरी पाण्याचा टिपूस नव्हता.

चिंचखेडीला त्या साली काय राहिलं होतं म्हणता! दोन पावसाळे कोरडे गेलेले. बांधावरच्या बोरीसुद्धा वाळल्या होत्या. काळ्या रानाला अशा भेगा पडल्या होत्या की शेरडाचा पाय अडकून मोडायचा. गावच्या विहिरीवर बौद्धवाड्याची घागर तेव्हाही चालत नव्हती, आणि तसंही तिथं गाळच निघत होता. वाड्याची विहीर वेगळी. छप्पन सालानंतर गावानं पाणी तोडलं तेव्हा कडूबानं दोन गडी हाताशी घेऊन ती खांदली होती. वाड्यातले बाकीचे गडी तेव्हा पुंजारामसारखेच जालन्याला कापसाच्या जिनात कामाला होते. कडूबा मेला, ते दोन गडीही मेले. चौदा घरं तिच्यावर जगत होती आणि आजवर तिचा तळ कोणाच्या दृष्टीला पडला नव्हता.

पण यंदा दोर पुरेना. दर दोन-चार दिवसांनी तुकडा जोडावा लागायचा. किती जोडायचा ते कळावं म्हणून सत्यशीलानं दोराला वितीवितीवर गाठी मारल्या होत्या. त्या दिवशी पोहरा पाण्याला टेकला तेव्हा हातात चोपन्नावी गाठ होती. चार दिवसांमागं, जयंतीच्या आधी, शेहेचाळिसावी होती.

ती रहाटाजवळ थांबली. घागर खाली ठेवली.

काठ म्हणजे शून्य. काठाखालचं सगळं उणं. पाणी चार दिसात आठ वीत खाली गेलं, म्हंजे उणे आठ. भागिले चार. दिवसाला उणे दोन. हे तर सरळच होतं, हे तिला आधीही येत होतं.

मग तिनं पोहरा सोडून गाठी मारलेला आणखी एक तुकडा दोराला जोडला, त्याला धोंडा बांधला आणि खाली सोडला. पाण्यात बुडाला, बुडत गेला आणि सत्तराव्या गाठीला टेकला. तिनं दोन-तीनदा वर-खाली करून पाहिलं. टेकला म्हणजे टेकलाच. चोपन्नापासून सत्तरापर्यंत सोळा वीत. पाण्याला अजून सोळा वीत खाली जायचंय. उणे सोळा. रोजचं जाणं उणे दोन. तर किती दिवस?

आठ.

साधे, सरळ, पुढं येणारे आठ दिवस. तिथं उण्याचा काय संबंध? दिवस काय उणे असतात?

तिनं उलटं करून पाहिलं. पाणी सोळा वीत वर, म्हंजे अडतिसाव्या गाठीला कधी होतं? सोळा भागिले उणे दोन. उणे आठ. म्हंजे आठ दिसांमागं. आणि खरंच, आठ दिवसांमागं आतल्या भिंतीतली लोखंडी कडी नुकती उघडी पडली होती. ती कडी अडतिसाव्याच गाठीला होती! सत्यशीला एकटीच हसली, मोठ्यानं हसली. मास्तरांना जे सांगता आलं नव्हतं ते तिला विहिरीनं सांगितलं होतं.

आणि मग हसू तोंडातच राहिलं. आठ दिवस. आठ दिवसांनी ही विहीर कोरडी होणार होती, आणि पेपर सोळा दिवसांवर होता. परीक्षेच्या प्रवेशाच्या कागदावरची तारीख आठवून तिनं बोटावर पुन्हा मोजलं. पेपर दोन मेला. सोळाच दिवस.

संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी वाडा चावडीपुढं गोळा झाला. तुळजाबाईचा संपत बोलत होता. तुळजाबाई म्हणजे त्या कडूबाची विधवा. संपत चाळिशीचा, आडमाप अंगाचा, तोंडानं फाटका.

“मी म्हंतो, पाणी हाय तवर निघू. भोकरदनच्या पल्याड तलावाचं काम चालू हाय. तिथं रोज टँकर येतो. विहीर आटल्यावर निघाल्यानं काय व्हईल? तहानलेले म्हातारे-कोतारे अन् लेकरं घिऊन तीन दिसाची वाट चालायची का?”

“बराबर हाय,” दोघं-चौघं म्हणाले.

वाडा उठला की बाप उठणार. बापामागं तिला जावं लागणार. मोकळ्या वाड्यात टाकलेल्या बाईला एकटं कोण सोडतं? आणि तिथून जालन्याला परीक्षेला कोण आणून घालतं?

“मी बोलू का?” ती उभी राहिली. “विहिरीत सोळा वीत पाणी हाय. रोज दोन वीत चाललंय, म्हून आठ दिस. पण रोज एकच वीत काढलं तर सोळा दिस पुरतंय. घरटी चार घागरींच्या जागी दोन. तवर टँकर आपल्या इथंच येईल. तहसीलीत अर्ज गेल्ता, हो का न्हाई, बा?”

“गेल्ता,” पुंजाराम म्हणाला. लेक चारचौघांत हिशेब मांडून बोलते याचं त्याला कौतुक वाटत होतं.

“अन् न्हाई आला टँकर तर?” संपतनं विचारलं.

“तर सोळा दिसांनी निघू. तवर घरदार सुटत न्हाई, शेरडं इकावी लागत न्हाई.”

तिनं दोर आणून गाठी दाखवल्या. जमिनीवर काडीनं आकडे काढले. लोकांना आकडे कळले नाहीत, पण गाठी कळल्या. घर सोडायचं कोणाच्या जिवावर येत नव्हतं? सगळ्यांना कोणीतरी थांबा म्हणायला हवंच होतं. संपत एकटा पडला.

उठताना त्याची बायको गिरिजा एवढंच म्हणाली, “सोळाव्या दिशी तुही परीक्षा हाय ना गं?”

सत्यशीलानं खाली बघत दोर गुंडाळायला घेतला.

दुसऱ्या दिवसापासून ती रहाटापाशी उभी राहायला लागली. घरटी दोन घागरी. आंघोळी बंद झाल्या. भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसायची. शेरडांना भाकरीच्या तुकड्याबरोबर ओंजळभर पाणी. बाया पहिले दोन दिवस हसल्या, तिसऱ्या दिवशी कुरकुरल्या, चौथ्या दिवशी शिव्या द्यायला लागल्या. पण गाठ रोज एकच सरकत होती. पंचावन्न, छप्पन, सत्तावन्न. ती घरी जाऊन सगळी उदाहरणं सोडवायची आणि एकही चुकायची नाही.

पाचव्या दिवशी तुळजाबाई काठी टेकत रहाटावर आली.

“सत्ये, कशापायी गं तोडतीस पाणी? अजून लई हाय खाली.”

“न्हाई, आजी. बारा वीतच ऱ्हायलंय.”

“मह्या धन्यानं खाली आजून खांदली हाय, बाई. टप्पा सोडून आत. मी पाट्या वढल्यात मातीच्या. ह्याच हातानं.”

सत्यशीला थबकली. आता कोणी म्हणेल, म्हातारीचं ऐकलं नाही. ऐकलं. तिनं सगळ्यांसमोर दोराला धोंडा बांधला आणि म्हातारीचा हात दोरावर ठेवून खाली सोडला. सत्तराव्या गाठीला धोंडा टेकला.

“बघा, आजी. लागला तळ. लागला का न्हाई हाताला?”

म्हातारीनं दोर दोनदा चाचपला. तिची नजर गेलेली होती, पण हाताला कळत होतं.

“लागला खरा,” ती म्हणाली. “मलाच भरम झाला आसंल. पंधरा-सोळा वर्सं झाले. तू शिकलेली हाईस, बाई.”

तिनं दोन घागरी घेतल्या, नातवानं उचलल्या आणि ती गेली.

त्यानंतर गिरिजाच्या धाकट्या पोरीला गोवर निघाला. अंगात ताप, ओठ फुटलेले, सारखं पाणी मागायची. गिरिजा घागर घेऊन रहाटावर आली. “एक जास्तीची दे.”

सत्यशीलानं गाठ पाहिली. त्रेसष्ट. नऊ दिवस झाले होते, अजून सात काढायचे होते.

“एकीला दिली का सगळ्या मागतेत, वहिनी.”

“लेकरू हाय गं ते!”

“मी मह्या घरातली अर्धी आणून देते.”

आणि दिली. खोटं कशाला बोलायचं, तिनं स्वतःच्या घरातली अर्धी घागर रोज नेऊन दिली. पण अर्ध्या घागरीनं काय होतं? तुळजाबाईनं आपलं पाणी पिणंच सोडलं. सुनेला म्हणायची, मी पेले. पाणी पोरीच्या ओठाला लावायची. बाहेर झळा अशा की पत्र्यावर हात ठेववत नव्हता. अकराव्या दिवशी दुपारी म्हातारी वसरीत आडवी झाली. जीभ आत वळली, डोळे वर गेले. पुंजारामनं पळत जाऊन पाणी आणलं. ते तिच्या तोंडातून बाहेर आलं. दिवस कलायच्या आत कारभार आटोपला.

प्रेताला आंघोळ घालायची वेळ आली तेव्हा संपत रहाटावर आला आणि सत्यशीलापुढं उभा राहिला.

“घिऊ का एक घागर?” त्यानं विचारलं. “का ती बी तुह्या हिशेबात बसत न्हाई?”

तिच्या हातून दोर सुटला. ती बाजूला झाली. त्या दिवशी तिनं गाठ मोजली नाही.

पोरगी वाचली. एवढंच बरं झालं. पण वाड्यात सत्यशीलाशी कोणी बोलेना. तिच्या मनाला एकच गोष्ट कुरतडत होती. सोळा दिवसांचा आकडा तिनं विहिरीतून काढला होता का प्रवेशाच्या कागदावरून? संपतचं ऐकलं असतं तर म्हातारी बैलगाडीत बसून टँकरच्या पाण्यापाशी पोचली असती. टँकर येईल असं ती बोलली होती. टँकर काही आला नाही. येईल असं तिला तरी कुठं वाटलं होतं?

एक मेची सकाळ उजाडली. पंधरावा दिवस. दुसऱ्या दिवशी पेपर, आणि त्याच दिवशी वाडा हलायचा होता. गाड्यांच्या चाकांना वंगण घातलं होतं, गाठोडी बांधली होती. सत्यशीलानं लुगड्याच्या पदरात दोन भाकरी, प्रवेशाचा कागद आणि पेन्सिल बांधली. जालना सहा कोस. उन्हाच्या आत निघायला पाहिजे होतं. जाताना ती रहाटापाशी थांबली. तिथं माणसं जमली होती.

पोहरा भरत नव्हता. एकोणसत्तरावी गाठ गेलेली, वीतभर पाणी राहिलेलं, आणि पोहरा नुसता दगडावर खरडत होता. वाटेपुरतं पाणी भरायचं म्हणून संपत कमरेला दोर बांधून खाली उतरला होता. वरून चार गडी धरून होते.

“थांबा!” खालून आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग पाण्यात काही पडल्याचा आवाज, जड, खोल.

“संपत! ए संपत! काय झालं?”

“काठी सोडा. लांबातली. बैलगाडीची उभळी सोडा.”

उभळीची लांब काठी दोरानं सोडली. ती खाली गेली. खालून पाण्याचा डबडब आवाज यायला लागला आणि संपत काहीतरी बोलत राहिला, पण ते कोणाला कळलं नाही. त्याला वर ओढला तेव्हा तो छातीपर्यंत भिजलेला होता. काठावर बसला. त्याच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं आणि सगळे त्या पाण्याकडं बघत होते.

“धोंडा टेकतो तो तळ न्हाई,” तो म्हणाला. “टप्पा हाय, खडकाची पायरी. रहाटाच्या बाजूनं टप्पा सोडलाय. पल्याडच्या अंगाला, कड ढासळली हाय ना, तिच्या बरोबर खाली, आजून इहीर हाय. उभळी पुरली न्हाई. अन् खालून झरा चालू हाय, थंडगार.”

सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. पल्याडची कड दहा वर्षांमागं ढासळली होती. तिकडं कोणी पाय ठेवत नव्हतं. पोहरा रहाटावरूनच पडायचा आणि धोंडाही रहाटावरूनच पडला होता.

“माय सांगत हुती,” संपत म्हणाला. “मह्या बापानं खांदलेलं हाय ते. ती सांगत हुती.”

सत्यशीला जमिनीवर बसली. तिनं काहीच चुकीचं भागलं नव्हतं. उणे सोळा भागिले उणे दोन आठच होते, उणे सोळा भागिले उणे एक सोळाच होते. उणे सोळाच खोटे होते. चौदा घरं पंधरा दिवस तहानलेली राहिली होती आणि खाली पाणी होतं. सगळा वेळ होतं.

तिनं पदर सोडला. भाकरी आणि कागद मातीत ठेवले.

“संपतदादा,” ती म्हणाली, “आजी मह्यामुळं गेल्या. टँकर यील म्हून मी बोलले, ते मलाच खरं वाटत नव्हतं. मला पेपर द्यायचा हुता म्हून मी सगळ्यांला थांबवलं. मला काय करायचं ते करा.”

पुंजाराम पुढं झाला, “आरं, पोरीची चूक—”

“तुम्ही गप बसा, काका.” संपत उठला. गिरिजा मागं सरली. सगळ्यांना वाटलं, आता हा हात उचलतो. त्यानं वाकून कागद उचलला, मांडीवर झटकला. त्याचे हात ओले होते, कागदावर बोटं उमटली.

“माफ-बिफ काई करत न्हाई मी,” तो म्हणाला. “जल्मात करायचो न्हाई. हे घे अन् चालती हो जालन्याला.”

“मी न्हाई जात.”

“जाशीन कशी न्हाई?” तो ओरडला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज फाटला. “मही माय तुह्या पेपरापायी मेली. आता तू पेपर बी न्हाई देणार? मंग ती कशापायी मेली, सांग मला! जा. अन् नापास झालीस तर या वाड्यात तोंड दाखवू नको.”

सत्यशीलानं कागद घेतला. तिला रडू आवरेना, आणि ती रडत होती तरी कोणी तिच्याजवळ आलं नाही. तिनं भाकरी उचलल्या नाहीत. घराकडं न बघता ती गाडीवाटेला लागली.

मागं संपतनं कोणाला तरी पल्याडच्या कडेला फळी टाकायला सांगितलं. गिरिजानं गाठोडं सोडून घागर काढली. बाकीच्या बायाही घागरी आणायला पळाल्या. आज कोणी मोजायला उभं नव्हतं.